परत येईपर्यंत आम्ही इथेच आहोत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरती झाल्यावर एका माऊलीने महाराजांच्या पुढे मुलाचा पासपोर्ट ठेवला. मुलगा सौदीला चाललाय, हात लावून द्या, म्हणाल्या. महाराजांनी पासपोर्ट हातात घेतला नाही. त्यांनी विचारलं, एजंटाला किती दिले? माऊली गप्प. व्हिसा कसला आहे? मुलगा मागे उभा होता, तोही गप्प. पगार कोण देणार, कंपनी का मधला माणूस? परत सगळे गप्प. मग महाराज हसले आणि म्हणाले, "हात लावतो बाळ. पण तुम्ही सगळे चौदावा अध्याय वाचता, त्याच्या आधी तेरावा असतो. तो वाचून या."

त्या दिवशी बऱ्याच जणांना वाटलं, महाराजांनी विषय टाळला. आम्हालाही क्षणभर तसंच वाटलं. घरी येऊन पोथी उघडली तेव्हा कळलं, टाळला तर नाहीच, नेमकं बोट ठेवलं.

श्रीगुरुचरित्राचा चौदावा अध्याय आपल्या घराघरांत रोज वाचला जातो. नोकरी लागावी, साहेबाची मर्जी राहावी, संकट टळावं म्हणून वाचतात. सायंदेवाची कथा सगळ्यांना पाठ आहे. क्रूर धन्याने बोलावलं, सायंदेव घाबरला, श्रीगुरूंनी मस्तकावर हात ठेवला, धनी पाया पडला, वस्त्रं देऊन परत पाठवलं. एवढं आपण लक्षात ठेवतो. पण हा सायंदेव मूळचा कुठला? आपल्याच कडगंचीचा. आळंद तालुक्यातली कडगंची, आळंदहून कलबुर्गीला जाताना लागते ती. आज तिथे कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ उभं आहे. आपली पोरं बस पकडून तिथे डिग्रीला जातात आणि डिग्री झाली की पुण्याची, हैदराबादची नाहीतर दुबईची वाट बघतात. सुमारे सहाशे वर्षांपूर्वी त्याच गावचा माणूस पोटासाठी घर सोडून गोदावरीच्या काठी गेला होता. ते ठिकाण वासर, आज तेलंगणात आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर सायंदेव बाहेरगावी नोकरीला होता. मुलूख दुसरा, धनी दुसऱ्या रीतिरिवाजाचा, आणि धन्याची लहर फिरली तर जीव जायचा.

तेव्हा बाहेर जाऊन काम शोधण्यात कमीपणा आहे असं कुणी म्हणू नये. आपल्या भागात तूर पिकली तर पिकली. एक वर्ष पाऊस दगा देतो, एक वर्ष उभी तूर वाळून जाते. ३७१(जे) मुळे आपल्या भागाला नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या हे खरं, पण किती पोरांना पुरणार? प्रत्यक्ष नृसिंहसरस्वती स्वामींचं जन्मस्थान वऱ्हाडातलं कारंजा. ते काशीला गेले, औदुंबरला राहिले, वाडीला राहिले आणि शेवटी आपल्या भीमा-अमरजेच्या संगमावर येऊन स्थिरावले. मराठी मुलखातले स्वामी कन्नड मुलखात राहिले. आपण तर जन्मापासून घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कलबुर्गीच्या स्टँडवर दखनी बोलतो. चौथी भाषा शिकायची भीती आपल्याला नसावी. गाणगापुरात दुपारी मोठमोठे लोक झोळी घेऊन पाच घरी मधुकरी मागतात, त्यात कुणाला लाज वाटत नाही. मग काम मागायला कसली लाज?

लाज दुसऱ्याच जागी आहे, आणि तेराव्या अध्यायात तीच सांगितली आहे.

तेराव्यात काय होतं बघा. पोटशुळाने हैराण झालेला एक ब्राह्मण गोदावरीत जीव द्यायला निघालेला असतो. श्रीगुरू त्याला अडवतात. तेवढ्यात सायंदेव तिथे येतो, नमस्कार करतो. श्रीगुरू विचारतात, कोण, कुठला? सायंदेव सांगतो, गाव कडगंची, पोटासाठी इथे चाकरी करतो. मान खाली घालून नाही आणि फुगवूनही नाही, जे आहे ते. माझी एवढी वट आहे, असली फुशारकी नाही. मग श्रीगुरू त्याला सांगतात, या आजारी माणसाला घरी नेऊन पोटभर जेवू घाल. सायंदेव घाबरतो, कारण अन्न खाल्लं की या माणसाचा जीव कासावीस होतो, काही बरंवाईट झालं तर पाप आपल्या माथी. हीसुद्धा भीती तो बोलून दाखवतो. मग जेवू घालतो. आणि त्यानंतर चौदाव्या अध्यायात आपलं खरं दुःख सांगतो, की आजच मला धन्याने बोलावलंय आणि मी परत येईन असं वाटत नाही.

बघा, हात मस्तकावर नंतर आला, बोलणं आधी आलं.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. पोथीत तो धनी यवन आहे, म्हणून काही जण ही कथा वेगळ्याच रंगात सांगतात. आळंदच्या माणसाने तरी तसं सांगू नये. लाडले मशायख दर्ग्यात आपल्या कितीतरी घरांचे नवस आहेत. क्रूरपणा त्या एका माणसाचा होता, त्याच्या जातीधर्माचा नव्हे. आणि पुढे जो प्रसंग सांगणार आहोत त्यात पडत्या काळात आपल्या मुलाला कुणी सांभाळलं तेही वाचा.

हा प्रसंग आपल्याच परिवारातला आहे. नाव-गाव लिहीत नाही, पण त्या घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, "दुसऱ्याच्या पोरावर येऊ नये" म्हणून.

मुलगा आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियन. एजंटाने मुंबईत मुलाखत घेतली, अठराशे रियाल पगार सांगितला, १ लाख ६० हजार घेतले. साठ हजार अक्काच्या पाटल्या बँकेत ठेवून आले आणि एक लाख सावकाराकडून, शेकडा तीन रुपयांनी. म्हणजे महिन्याला तीन हजार नुसतं व्याज. निघायच्या आदल्या गुरुवारी आपण सगळ्यांनी मिळून त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, पेढे. फोटो ग्रुपवर टाकला. "परदेशी निघालेले आपले गुरुबंधू" असं वर लिहिलं. ते आम्हीच लिहिलं होतं.

तिथे उतरल्यावर कळलं की व्हिसावर काम लिहिलेलं असतं अरबीत, आणि याच्या व्हिसावर इलेक्ट्रिशियन नव्हतंच, साधा मजूर होतं. इथे असताना कुणी वाचून घेतलं नाही. हल्ली मोबाईल धरला तरी भाषांतर होतं, पण सुचलं कुणाला? गोदामात माल उतरवायचं काम मिळालं. पगार हजार रियाल, त्यातून जेवणाचे दोनशे कापून. पहिले अडीच महिने इकामा झाला नव्हता म्हणून कॅम्पच्या बाहेर पाय टाकायची भीती.

आणि आठ महिने त्याने घरी एक शब्द सांगितला नाही.

व्हिडिओ कॉल करायचा तो मॉलसमोर उभा राहून. शर्ट इस्त्रीचा, तो खोलीतल्या दुसऱ्याचा. आई विचारायची, जेवलास का? हो म्हणायचा. अण्णा विचारायचे, पैसे कधी? पुढच्या आठवड्यात म्हणायचा. आई गुरुवारी यायची आणि सगळ्यांना सांगायची, महाराजांच्या कृपेने पोरगं सुखात आहे. आम्ही म्हणायचो, गुरुमाऊलींची लीला! इकडे व्याज चढत होतं, तिकडे पोरगं रात्री जागत होतं.

पुढे त्याने स्वतःच सांगितलं, "काका, मला कंपनीची भीती नव्हती. तुम्ही सगळ्यांनी शाल घातली होती. ती शाल आठवायची आणि तोंड उघडायचं नाही."

आमच्या हातून हे घडलं. एजंटाने पैसे खाल्ले हा त्याचा गुन्हा. पण त्या पोराचं तोंड बंद केलं ते आपल्या शाल-श्रीफळाने. सायंदेवाला कुणी शाल घातली नव्हती म्हणून तो श्रीगुरूंपुढे मोकळा बोलू शकला असं आता वाटतं. त्याला वस्त्रं मिळाली ती संकटातून पार झाल्यावर.

त्या मुलाला सांभाळलं कुणी? खोलीतल्या एका मुसलमान गृहस्थाने. हुमनाबादकडचे, बारा-तेरा वर्षं तिथेच काढलेली. दखनीत बोलायचे, आपल्याकडचेच वाटायचे. इकामा होईपर्यंत त्यांनी याला जेवू घातलं. एके रात्री मोबाईल हातात दिला आणि म्हणाले, अम्मा को सच बोल दे बेटा, झूठ बोल के कितने दिन जीता? त्या रात्री त्याने आईला सगळं सांगितलं. आई रडली. अण्णा दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "व्याजाचं आम्ही बघतो. तू आधी पोटभर जेव."

तेराव्या अध्यायात श्रीगुरू काय म्हणतात? आधी याला जेवू घाल. अण्णांनी पोथी कधी हातात धरलेली नाही, पण तेच म्हणाले.

त्यानंतर वाट सापडत गेली. खोलीतल्या गृहस्थांनीच सांगितलं की २०२१ पासून सौदीत कायदा बदललाय, एका मालकाकडे एक वर्ष झालं की रीतसर नोटीस देऊन, मालकाच्या संमतीशिवायही कंपनी बदलता येते. घरकामाला किंवा घरच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून गेलेल्यांना मात्र तो नियम लागू नव्हता, हे ध्यानात ठेवा. मुलाने वर्ष भरू दिलं. इकडे अण्णांनी एक म्हैस विकली आणि सावकाराची निम्मी रक्कम फेडली. चौदाव्या महिन्यात मुलगा दुसऱ्या कंपनीत लागला, इलेक्ट्रिशियन म्हणूनच. पगार सोळाशे. एजंटाने सांगितलेले अठराशे नाहीतच, पण हा पगार खरा आहे, आणि आता तो कॅम्पच्या खोलीतूनच व्हिडिओ कॉल करतो. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात.

सगळ्यांचा शेवट असा होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगाफला कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. कितीतरी भारतीय गेले. त्यांत आपल्या आळंद तालुक्यातला एक माणूस होता. तो काही चुकला नव्हता, त्याला कुणी फसवलं होतं असंही आम्ही म्हणत नाही. कष्ट करून घर चालवणारा माणूस असा गेला. अशा घरी आपण जाऊन बसावं, "नशीब" आणि "कर्म" असली वाक्यं बोलू नयेत. त्याच वर्षी आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या तीन तरुणांची बातमी तुम्ही वाचली असेल. रशियात सिक्युरिटीचं काम आहे, लढाईवर जायचं नाही, असं सांगून नेलं आणि थेट युक्रेनच्या लढाईत नेऊन सोडलं. यूट्यूबवर व्हिडिओ बघून गेलेली पोरं. त्याच जाळ्यात सापडलेले सुरतचे आणि हैदराबादचे तरुण परत आलेच नाहीत. आपले तिघे सप्टेंबर २०२४ मध्ये जिवंत घरी आले, आणि ते कशामुळे? त्यांनी तिथून घरच्यांना खरं कळवलं, व्हिडिओ पाठवले, घरच्यांनी लाज न धरता ते पेपरवाल्यांना, पुढाऱ्यांना दाखवले, तेव्हा दिल्लीपर्यंत आवाज पोचला. चारचौघांत काय दिसेल म्हणून ती घरं गप्प बसली असती तर?

म्हणून महाराजांनी विचारलेले तीन प्रश्न साधे नव्हते. ते प्रश्न घरातच विचारायचे असतात, पासपोर्ट पादुकांना लावायच्या आधी.

एजंटाला किती? सध्याच्या नियमाप्रमाणे नोंदणी असलेला एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेऊ शकतो, आणि त्याची पावती देतो. लाख, दीड लाख मागणारा, पावती न देणारा माणूस कितीही गोड बोलला, कपाळाला कितीही मोठं गंध लावून आला तरी तो आपला नव्हे. (एक जण तर आपल्याच ग्रुपमधून नंबर काढून फोन करत होता. "जय गुरुदेव" म्हणून सुरुवात करायचा.) एजंट नोंदणीतला आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाईटवर पाच मिनिटांत दिसतं.

व्हिसा कसला? व्हिजिट व्हिसावर जा, तिथे काम लावून देतो, असं म्हणाले तर जाऊ नका. "आझाद व्हिसा" म्हणतात तो प्रकार कागदावर कुठेही नसतो. व्हिसावर एका कफीलचं नाव आणि काम तुम्ही दुसरीकडे करणार. पकडले गेलात तर कफील ओळख देत नाही.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं. त्यांना आखाती देशांत कामाला जायला सरकारची मंजुरी लागते, करार तपासला जातो, १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये. लोकांना ही कटकट वाटते. पण आमच्या त्या मुलाचं बघा, तो दहावी पास, म्हणून मंजुरी लागली नाही, म्हणून त्याचे कागद कुणीच बघितले नाहीत. शिकलेला होता म्हणून उघडा पडला. शिकलेल्यांनीच जास्त विचारावं.

हे सगळं केलं तरी भीती राहणारच. सायंदेवाची भीतीही श्रीगुरूंनी एका शब्दात पुसली नाही. चौदाव्या अध्यायात आपण घाईघाईने पुढे जातो तिथे जरा थांबून वाचा. श्रीगुरू त्याला नोकरी सोड म्हणत नाहीत, पळून जा म्हणत नाहीत, मीही बरोबर येतो असंही म्हणत नाहीत. जा म्हणतात, आणि सांगतात, तू परत येईपर्यंत आम्ही इथेच आहोत. सायंदेव त्या आधारावर गेला. निकाल काय लागणार हे त्याला ठाऊक नव्हतं, पण नदीकाठी कुणीतरी आपली वाट बघत बसलंय एवढं ठाऊक होतं. आणि निरोप देताना श्रीगुरूंनी आणखी एक वचन दिलं, की पुढे आम्ही तुझ्या गावाजवळच येऊन राहू. गाणगापूर कडगंचीजवळ आहे ते उगीच नव्हे. बाहेर गेलेल्या माणसाला गावाकडे परत यायला जागा राहिली पाहिजे, म्हणून गुरू स्वतः येऊन बसले.

मग बाहेर गेलेल्या लेकराला हे वाक्य कोण म्हणणार? महाराज प्रत्येकाच्या मोबाईलवर येणार नाहीत. ते आईने म्हणायचं, अण्णांनी म्हणायचं, बायकोने म्हणायचं. "किती पाठवलेस?" हा प्रश्न महिन्यातून एकदा पुरे. "आज काय खाल्लंस, कुठे झोपतोस, खोलीत किती जण आहात, दाखव बरं" हे रोज विचारा. नाही जमलं तर परत ये, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी इथे आहेच, हे निघतानाच सांगा. काही जण म्हणतील, असं सांगितलं तर पोरगं पहिल्याच महिन्यात परत येईल. आमचा अनुभव उलटा आहे. परतीची वाट मोकळी आहे हे ज्याला माहीत असतं तो जास्त टिकतो. ज्याला वाट बंद दिसते तो आधी खोटं बोलतो, आणि पुढे काय करतो ते लिहायला हात धजत नाही.

ज्यांची मुलं आज बाहेर आहेत त्यांनी हा मजकूर त्यांना पाठवा, पण नुसता फॉरवर्ड करू नका. आधी फोन करा. मुलगा अडचणीत असेल, मालक पासपोर्ट देत नसेल, पगार थकला असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात आणि परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर घरूनही तक्रार टाकता येते. लिहिता येत नसेल तर आपले दोन सेवेकरी लिहून देतील, घरची गोष्ट बाहेर जाणार नाही.

यापुढे आपल्या मंडळात परदेशी निघालेल्यांचा सत्कार होणार नाही. महाराजांना विचारूनच ठरवलं आहे. निघायच्या आदल्या गुरुवारी त्या मुलाच्या हातून पादुकांना अभिषेक होईल, आणि मग त्याने आपल्या हाताने सगळ्यांना प्रसाद वाढायचा. शाल तो सुट्टीवर येईल तेव्हा. आणि ती फक्त कमावून आलेल्याला नाही, मोकळ्या हाताने आला तरी तेवढ्याच मानाने.

ज्या माऊलीने पासपोर्ट ठेवला होता त्या परवा परत आल्या. तेरावा अध्याय वाचून आल्या होत्या, मुलगाही बरोबर होता. एजंटाने १ लाख ४० हजार मागितले होते, पावती देत नव्हता. वीस हजार आधीच दिलेले, ते बुडाले असं धरून चालले आहेत. मुलगा आता नोंदणीतल्या एजंटाकडून प्रयत्न करतोय, तोवर कलबुर्गीत एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जातो. महाराजांनी या वेळी पासपोर्ट हातात घेतला, पादुकांवर ठेवला आणि म्हणाले, "बाळ, कुठेही गेलास तरी दर गुरुवारी आईला खोली दाखवायची."

येत्या गुरुवारी आरतीनंतर तासभर सगळे थांबतील. ज्यांच्या घरचं कुणी बाहेर जायच्या तयारीत आहे त्यांनी पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची झेरॉक्स घेऊन या. अरबी कागद असेल तर तोही आणा, वाचून घेऊ. महाप्रसाद आहे, जेवूनच जायचं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.